मुरूडकडील तांडेल आजोबांचे घराणे कसे शोधावे? (जंजिरा संस्थान, १९४८ पूर्वीचा काळ)

खाडीपलीकडे (धागाकर्ता) :

नमस्कार. माझे आजोबा मुरूड तालुक्यातील एका कोळीवाड्यात मासेमारीच्या नावेवर तांडेल, म्हणजे नाव चालवणारे प्रमुख, होते. ते समुद्रावर गेले आणि परतले नाहीत, एवढेच आमच्या घरात सर्वांना सारखे ठाऊक आहे. ते कोणत्या वर्षी गेले, त्यांच्या वडिलांचे नाव काय होते आणि 'तांडेल' हे आडनाव त्यांच्यापासून सुरू झाले की त्याआधीपासून चालत आले, या तिन्ही प्रश्नांना घरातली प्रत्येक व्यक्ती वेगळे उत्तर देते.

हाती असलेले कागद फार थोडे आहेत. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव 'कोळी' असून जन्मतारीख १ जून १९४६ आहे. त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या काकांच्या दाखल्यावर मात्र 'तांडेल' आहे. आमच्या नावावर शेतजमीन कधीच नव्हती, त्यामुळे सातबारा नाही. आजी २००३ मध्ये गेली. तिने सांगितलेल्या गोष्टी आता आत्याला तेवढ्या पाठ आहेत. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे आमचे घराणे मूळचे जाफराबादचे. वडिलांच्या मते पूर्वज सिद्दीच्या आरमारात तांडेल होते, तर काका ते आंग्र्यांच्या आरमारात होते असे सांगतात. दोन्ही आरमारे एकमेकांची हाडवैरी असल्यामुळे गणपतीत हा विषय निघाला की जेवणे लांबतात.

शोधाची सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दर्यावर्दी :

सुरुवात आडनावापासून करू नये, असे मी सुचवीन. तांडेल हा मुळात हुद्दा आहे. नावेचा मालक तो नाखवा, नाव चालवणारा आणि जाळे कोठे टाकायचे हे ठरवणारा तो तांडेल, आणि त्याच्या हाताखालचे ते खलाशी. काही ठिकाणी नाखवा स्वतःच तांडेल असे, परंतु ज्याच्यापाशी नाव घेण्याइतके भांडवल नसे आणि दर्याचे ज्ञान मात्र असे, असा माणूस दुसऱ्याच्या नावेवर तांडेलकी करत असे. हा हुद्दा मुलाकडे आपोआप जात नसे. ज्याला वारा, भरती-ओहोटी आणि तळाची जमीन कळते त्याच्याकडेच तो जाई, मग तो पुतण्या असो वा शेजारचा. त्यामुळे एकाच कोळीवाड्यात तांडेल आडनावाची चार घरे असली तरी ती एका कुळातली असतीलच असे नाही. पुन्हा हेच आडनाव पालघर, दमण आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावरही मोठ्या संख्येने आढळते आणि रत्नागिरीकडील दालदी मुसलमानांतही तांडेल होते. नुसत्या आडनावावर घराणी जोडू लागलात तर अर्धी पश्चिम किनारपट्टी आपली भाऊबंद निघेल.

आरमाराविषयी एवढेच म्हणतो की कोळ्यांचा आरमाराशी असलेला संबंध खराच आहे. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावण्याचे साहस करणाऱ्या कोळी लाय पाटलांची हकीकत बखरीत आलेली आहे. तथापि एखाद्या समाजाचा इतिहास खरा असल्याने त्यातील एका घराची आख्यायिका खरी ठरत नाही. मधल्या दोनशे वर्षांतील माणसे नावानिशी सापडेपर्यंत तो विषय बाजूला ठेवावा.

तुमची खरी अडचण निराळीच आहे. तांडेलाच्या हातात नाव असते, पण कागदावर नाव असते ते मालकाचे. १८३८ च्या १९व्या कायद्याने मुंबई इलाख्यात मच्छीमारी नावांचीही नोंदणी सांगितली होती, पण ती मालकाच्या नावाने. संस्थानी हद्दीतील नावेला तर तोही आधार गृहीत धरता येत नाही. म्हणून आजोबा ज्याच्या नावेवर होते त्या नाखव्याचे घर प्रथम शोधावे.

कागदी_घोडे :

मी महसूल खात्यात तीस वर्षे अभिलेख सांभाळण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली गोष्ट हद्दीची. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. विलीनीकरणानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. खाडीच्या अलीकडील रेवदंडा-अलिबाग भाग मात्र आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाल्यापासून इंग्रजी अमलात होता. म्हणजे एका खाडीच्या दोन काठांवर शंभर वर्षे दोन वेगवेगळ्या राजवटी आणि दोन वेगवेगळी दप्तरे होती. आपल्या गावाचे जुने कागद अलिबागला मिळाले नाहीत म्हणून ते नष्ट झाले असे समजू नये. तालुक्याच्या अभिलेख कक्षात 'संस्थानकालीन' म्हणून वेगळे बांधलेले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) असतात, ते नेमकेपणाने मागावे लागतात. नुसते 'जुने रेकॉर्ड दाखवा' असे म्हटल्यास ठराविक उत्तर मिळते, ते आपणांस माहीत असेलच.

दुसरी गोष्ट जमिनीची. कोळीवाड्यातील घरे गावठाणात असतात आणि गावठाणाला सातबारा नसतो. सातबारा नाही म्हणून पुष्कळ कोळी कुटुंबे येथेच शोध सोडून देतात, ही मोठी चूक आहे. आपण ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे ग्रामपंचायत नमुना ८, पाहावी. तलाठ्याकडील गाव नमुना ८अ हा खातेउतारा असून तो वेगळा, हे लक्षात ठेवावे. नगर भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका काढावी आणि तिच्यावरील पहिल्या धारकाचे नाव पाहावे.

तिसरी गोष्ट जन्म-मृत्यूची. गाव नमुना १४, ज्याला जुनी माणसे कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्मलेल्या मुलाच्या बापाचे नाव आणि जात लिहिलेली असते. आत्याचा आणि काकांचा जन्म त्यात सापडू शकतो. तसेच शाळेचा दाखला पुरेसा नाही, शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. त्यात ज्याने मुलाला शाळेत घातले त्या पालकाचे नाव आणि धंदा असतो.

वडिलांच्या १ जून या जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. पूर्वी शाळा जूनमध्ये उघडत आणि मुलाचे वय गुरुजी अंदाजाने धरत, त्यामुळे त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे.

दर्यापार :

मी गेली वीस वर्षे इंग्लंडमध्ये राहतो आणि येथील जुन्या जहाजांवरील भारतीय खलाशांच्या नोंदी हौसेने पाहतो. एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत मुंबईच्या स्मारकावर दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सहा हजारांहून अधिक नाविकांची नोंद आहे आणि त्यांतील अनेकांच्या नावापुढे 'टिंडाल' असे लिहिलेले दिसते. पुष्कळ जण त्याला आपले आडनाव समजतात. व्यापारी जहाजावर सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुख्याच्या, हाताखालचा जो अधिकारी, त्याला टिंडाल म्हणत. हा शब्द आणि आपला तांडेल एकच आहे, परंतु मासेमारीच्या नावेवरील तांडेल हा नावेचा प्रमुख, तर बोटीवरचा टिंडाल हा दुय्यम. आजोबा 'लढाईत गेले' असे घरात कोणी म्हणत नसेल तर या यादीत वेळ घालवू नये. मी स्वतः त्यात दोन हिवाळे घालवले आहेत.

उत्तनची_सून :

आम्ही उत्तनकडचे ख्रिस्ती कोळी, त्यामुळे आमचा मार्ग सोपा. चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्यांत नवऱ्याचा बाप, नवरीचा बाप, साक्षीदार आणि गाव, सारे काही मिळते. आपणांस तो मार्ग नाही, म्हणून त्याच प्रकारचा दुसरा सुचवते. आपल्या घरातून पूर्वी कोणी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला श्राद्धकर्मासाठी गेले होते का, हे आत्यांना विचारा. तेथील क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळीत गाव आणि आडनाव यांवरून यजमानांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. मात्र तेथे 'तांडेल' आणि 'कोळी' अशी दोन्ही नावे विचारावी लागतील.

आणखी एक. आपण आत्यांकडे तारखा मागू नका, प्रसंग मागा. दर्यावरच्या बायका वर्षे मोजत नाहीत, पण पोटात कोण होते, मांडीवर कोण होते आणि वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या दोऱ्यांवर, बोंबील होते की नाही, हे त्यांना अचूक आठवते. माझ्या सासूबाईंच्या अशा तीन वाक्यांवरून आम्ही एका लग्नाचा महिना काढला होता आणि पुढे चर्चच्या वहीत तोच निघाला.

खाडीपलीकडे :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तनच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी आत्याकडे दोन दुपारी बसलो आणि तिला मध्ये न अडवता बोलू दिले. तिने सांगितलेले जसेच्या तसे देतो.

'रामदास' बोट बुडाली तेव्हा माझे वडील आजीच्या पोटात होते, कारण ती बातमी ऐकून आजी धावत धक्क्याकडे निघाली तेव्हा सासूने तिला 'पोटुशी बाई, बस घरी' म्हणून हाताला धरून मागे ओढले होते. आजोबा गेले तेव्हा वडील भिंत धरून चालू लागले होते. त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लावून झाले होते आणि पाच-सहा दिवस उलटले होते. रात्रभर वारा होता आणि सकाळी कौले अंगणात पडलेली होती. आत्या तेव्हा पाच वर्षांची होती. कौलांचे तुकडे वेचल्याचे तिला स्वतःला आठवते.

घरात सर्व जण 'रामदासच्या साली आजोबा गेले' असे म्हणत आले आहेत. आत्याच्या बोलण्यावरून ते साल जुळत नाही.

दर्यावर्दी :

ते साल जुळत नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि माझ्या मते खरे सालही याच चार वाक्यांत आहे.

'रामदास' १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या वेळी वडील पोटात होते, म्हणजे त्यांचा जन्म त्यानंतरच्या काही महिन्यांतला, आणि दाखल्यावरील १९४६ ही गुरुजींची कृपा. भिंत धरून चालणारे मूल वर्षाच्या आसपासचे असते, त्यामुळे आपण १९४८ च्या उत्तरार्धात येतो. १९४८ ची दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी होती आणि त्रिपुरी पौर्णिमा १६ नोव्हेंबरच्या सुमारास. मुंबई आणि उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर त्या वर्षीचे मोठे चक्रीवादळ आले ते २१-२२ नोव्हेंबरला. पौर्णिमेनंतर पाच-सहा दिवस याचा अर्थ तोच होतो.

आता 'रामदासच्या साली' असे का म्हणत असावेत, तर रामदास ही सर्वांची आठवण होती आणि दुसऱ्या वर्षीचे वादळ ही एकेका घराची. मोठी आठवण लहान आठवणीला आपल्याकडे ओढून घेते. माझ्या आजोळी तर प्लेगच्या साली झालेली म्हणून जेवढी माणसे सांगतात, तेवढी खरोखरच त्या साली झाली असती तर कोळीवाड्यात उभे राहायला जागा उरली नसती.

कागदी_घोडे :

दर्यावर्दींचा तर्क मान्य असेल तर त्यावरून कागदाची दिशाही मिळते. समुद्रात गेलेल्या माणसाचे प्रेत मिळाले नाही तर मृत्यूची नोंद होत नाही. त्या काळी लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे, ज्याची खबर ज्यांना स्वाभाविकपणे मिळाली असती त्यांना ती सात वर्षे मिळाली नाही, तर तो हयात असल्याचे दाखवण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येई. त्यामुळे अशा घरांत वारसांची नावे बहुधा सात वर्षांनंतरच लागतात. आपण १९४८-४९ च्या मृत्यू नोंदवहीत शोधाल तर हात हलवीत परत याल. घराच्या वारस नोंदीसाठी १९५५ च्या अखेरीपासून पुढची दोन-तीन वर्षे पाहावीत. वारसाच्या अर्जात मृताचे पूर्ण नाव आणि बापाचे नाव देणे भागच असते.

खाडीपलीकडे :

कागदी_घोडे साहेब, आपण सांगितले तसेच झाले. १९५६ च्या कर आकारणी नोंदवहीत आजोबांचे नाव कंस करून, म्हणजे कमी करून, आजीचे आणि तीन मुलांचे नाव लावलेले आहे आणि शेऱ्यात 'वादळात बेपत्ता' असे शब्द आहेत. साल त्यात नाही, परंतु वडिलांनी ते दोन शब्द पाहिल्यावर दर्यावर्दींचे गणित त्यांना समजावून सांगण्याची गरज उरली नाही. आजोबांच्या बापाचे नाव मात्र शाईच्या डागाखाली गेले आहे, पहिले अक्षर तेवढे वाचता येते.

शाळेच्या रजिस्टराचे कोडेही सुटले. काकांना शाळेत घातले ते स्वतः आजोबांनी, म्हणून 'धंदा : तांडेल' आणि आडनावही तेच. वडिलांना घातले ते आजीच्या भावाने, आजोबा गेल्यानंतर. त्याने आडनाव जातीवरून 'कोळी' सांगितले. एका घरातील दोन भावांची दोन आडनावे झाली त्यामागे दुसरे काही नव्हते.

नाखव्याचे घरही सापडले. त्यांचे कुटुंब आता मुंबईला असते, मात्र गावातील माळ्यावर जुन्या चोपड्यांची एक पेटी आहे. त्यांच्या सूनबाईंनी चहा देऊन ती आपणहून उघडली. सारे मोडीत आहे. ज्या पानांवर १८६९ आणि १८७० असे आकडे आहेत, त्यांची आणि इतरही काही पानांची छायाचित्रे घेतली आहेत. नाखव्यांचा धंदा एवढा जुना असेल अशी आमची कल्पना नव्हती.

मोडीवाचक :

छायाचित्रे पाहिली. प्रथम आकड्यांविषयी : १८६९ आणि १८७० हे इसवी सन नाहीत, शके आहेत. शके १८७० म्हणजे १९४८-४९. ही चूक फार जण करतात आणि एकाच वेळी घराणे ऐंशी वर्षांनी जुने करून टाकतात.

चोपडी ही खलाशांच्या उचलीची आहे. हंगामाच्या आरंभी, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या सुमारास, प्रत्येकाला दिलेली रक्कम आणि नंतर त्याच्या वाट्यातून वळती केलेली रक्कम अशी मांडणी दिसते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करीत नाहीत, त्यामुळे नावे वाचताना मी घाई केलेली नाही. शके १८७० च्या पानावर आपल्या आजोबांचे नाव, पुढे 'बिन' (म्हणजे 'चा मुलगा') आणि त्यांच्या वडिलांचे नाव स्वच्छ आहे. ते आपणांस व्यक्तिगत निरोपातून कळवले आहे, येथे देत नाही. आपण सांगितलेल्या पहिल्या अक्षराशी ते जुळते. आजोबांपुढे 'तांडेल' असे लिहून वाटा इतरांहून जास्त धरलेला आहे. या पानावर त्यांच्या खात्यातील शेवटची नोंद कार्तिक शुद्ध १३ ची आहे. पौर्णिमेच्या आधी दोन दिवसांची.

आता जे आपल्या घरी कदाचित आवडणार नाही ते. त्याच पेटीतील शके १८४४ च्या पानावर, म्हणजे १९२२-२३ मध्ये, आपले पणजोबा याच नाखव्याकडे दिसतात. त्यांच्या नावापुढे 'खलाशी' असे लिहिलेले आहे आणि त्या नावेचा तांडेल दुसऱ्याच घरातला आहे.

खाडीपलीकडे :

म्हणजे आमच्या घरातले पहिले तांडेल आजोबाच. काल रात्री ते पान वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी 'खलाशी' हा शब्द कोठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितले, बराच वेळ पाहिले आणि मग काकांना दूरध्वनी करून 'तुझे आंग्रेही गेले' एवढेच म्हणाले.

आत्याला मात्र यातले कशाचेच नवल वाटले नाही. तिला उचलीच्या खात्यात रस होता. आजोबा गेल्यानंतर उरलेली बाकी आजीने सुक्या बोंबलांवर चार वर्षे फेडली आणि शेवटचे ओझे तिने स्वतः आत्याच्या डोक्यावर देऊन नाखव्याच्या पडवीत पाठवले होते, असे ती सांगते. त्या फेडीची नोंद चोपडीत आहे का, हे मोडीवाचकांनी पाहावे, अशी तिची विनंती आहे.

आणि जाफराबाद अजून उरलेच आहे.

कागदी_घोडे :

जाफराबाद ही आख्यायिका म्हणून सोडून देऊ नका. काठेवाडातील ते बंदर १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या नवाबाच्याच ताब्यात होते. तेथेही डोल, म्हणजे पिशवीसारखे जाळे, लावून बोंबील धरतात आणि येथेही. एकाच धन्याच्या दोन बंदरांत माणसे ये-जा करीत असतील तर नवल नाही. मात्र 'मूळचे तेथले' आणि 'हंगामाला तेथे जाणारे' यांत फरक आहे. आत्यांनी नेमका कोणता शब्द वापरला, ते विचारून घ्यावे.

खाडीपलीकडे :

विचारले. आजीचे शब्द 'जाफराबादेहून आला' असे होते. 'आलो' असे तिने कधी म्हटले नाही. कोण आला, हे आत्याला सांगता येत नाही.

मोडीवाचक :

फेडीची नोंद सापडली. शके १८७४ च्या फाल्गुनात आजोबांच्याच नावाच्या खात्यावर 'हस्ते बायको' असे लिहून सुक्या बोंबलांची किंमत जमा धरलेली आहे आणि खाली बाकी शून्य दाखवून आडवी रेघ मारली आहे. आत्यांना कळवावे.

'आला' हा शब्द वाचून पणजोबांचे पान पुन्हा उघडले. त्यांच्या नावाच्या उजवीकडे बारीक अक्षरांत दोन शब्द आहेत आणि पहिल्याची सुरुवात 'जा' अशी आहे, पुढचे पानाच्या घडीत गेले आहे. त्या घडीचे छायाचित्र उन्हात, पान सपाट धरून, पुन्हा काढून पाठवता येईल का?